चालू राउटरमधून ४जी मॉड्युल काढून दुसरं घातलं तर चालतं का? पंप बंद न पाडता करायचंय

जॅकवेल_वाला

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचं ऑटोमेशनचं मेंटेनन्स आहे. नदीकाठी जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथं ५० एचपीचे दोन पंप, एक चालू एक स्टँडबाय, आणि साधारण साडेचार किलोमीटरवर टेकाडावर २ लाख लिटरची टाकी. टाकीवरचा लेव्हल ट्रान्समीटर ४जीवरून जॅकवेलच्या पीएलसीला, म्हणजे पंप चालवणाऱ्या कंट्रोलरला, लेव्हल पाठवतो, त्यावर पंप चालू बंद. जॅकवेलच्या पॅनेलमधला राउटर दोन मॉडेमचा आहे, म्हणजे आत दोन मिनी पीसीआयई स्लॉट, दोन्हीत क्वेक्टेलचं ईसी२५ मॉड्युल, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं. एक झोपलं की दुसऱ्यावर जायचं अशी सोय.

तर झालंय असं की पहिलं मॉड्युल मार्चपासून हँग व्हायला लागलंय, आठवड्यातनं तीनचारदा. राउटरच्या पेजवर सरळ मॉडेम नाहीच असं दाखवतं. राउटर रिस्टार्ट केला की परत येतं. पण रिस्टार्टला अडीच मिनिटं जातात आणि आमच्या पीएलसीत ६० सेकंद लेव्हल आली नाही की पंप ट्रिप. मग ऑपरेटर बिचारा डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद करणार, पंप घेणार, परत व्हॉल्व्ह हळूहळू उघडणार, अर्धा तास गेलाच. तोवर शेवटच्या गावाची पाळी हुकते आणि सरपंचांचा फोन मला, ऑपरेटरला नाही.

मॉड्युल गेलंय असं धरून नवीन मागवलंय. आता विचारायचं हे की राउटर चालू ठेवून, दुसऱ्या मॉडेमवर लिंक असताना, पहिलं मॉड्युल उपसून नवं घातलं तर चालेल का? विचारायचं कारण, मागच्या वर्षी दुसऱ्या साइटवर मी हे केलंय. काढताना काही झालं नाही, घालताना राउटर एकदम काळा पडला, आपोआप चालू झाला, आणि तेव्हापासून तो स्लॉट मेलेला आहे, कुठलंही मॉड्युल घाला, दिसतच नाही. माझं नशीब खोटं होतं की असंच होतं हे?

सोल्डर_सुपारी

नशीब नाही दादा, असंच होतं. उलट राउटर जगला हे नशीब.

हॉट स्वॅप, म्हणजे चालू मशीनमधनं काढघाल, ही स्लॉटची गोष्ट असते, मॉड्युलची नाही. घरातला पेन ड्राइव्ह काढून त्याचा प्लग जवळनं बघा. आत चार पट्ट्या असतात, कडेच्या दोन मधल्या दोघींपेक्षा टोकाकडं जरा पुढं आलेल्या असतात. त्या पॉवर आणि ग्राउंडच्या. म्हणजे घालताना आधी पॉवर जोडली जाते मग डेटा, काढताना उलटं. फायबर जोडायचं छोटं मॉड्युल असतं ना, एसएफपी, त्याला पण तसंच, मागच्या सोनेरी पट्ट्या कमीजास्त लांब, ग्राउंड सगळ्यात आधी टेकतो. मुद्दाम ठरवून केलेलं असतं ते. मिनी पीसीआयईला ५२ पिना, आणि त्यांत असली काही व्यवस्था नाही. वर आणि ते कार्ड सरळ जात पण नाही, तिरकं खुपसून मग खाली दाबायचं, म्हणजे कुठली पिन आधी टेकेल ते तुमच्या मनगटावर अवलंबून.

दुसरं म्हणजे मॉडेम हा खादाड प्राणी. २जीवर पडला तर पाठवताना क्षणभर २ अँपियरपर्यंत ओढतो, म्हणून त्याच्या पॉवरवर मोठाले कपॅसिटर लावलेले असतात. ते रिकामे कपॅसिटर तुम्ही चालू ३.३ व्होल्टच्या लाइनवर टेकवले की त्या क्षणी ती लाइन जवळजवळ शॉर्टच. व्होल्टेज खाली बसतं, त्याच लाइनवर प्रोसेसर किंवा फ्लॅश असेल तर राउटर काळा. तुमचं झालं ते हेच. स्लॉट मेला म्हणजे त्या स्लॉटच्या पॉवरवरचा लोड स्विच किंवा फ्यूज गेला असणार, मॉड्युल बहुतेक ठणठणीत असेल.

आणि तो स्क्रू. मॉड्युल दाबून धरणारा तो मुंगीएवढा स्क्रू चालू बोर्डावर पडला तर काय होतं ते मी एकदा बघितलंय, दुसऱ्याच्या राउटरवर, माझ्या हातून. तेव्हापासनं केबल काढल्याशिवाय झाकण उघडत नाही.

सीएलआय_बंड्या

वरचं सगळं मान्य, पण एक वाट आहे. राउटरला प्रत्येक स्लॉटची पॉवर वेगळी कापता येते का ते आधी बघा. बऱ्याच इंडस्ट्रियल राउटरना येते, जीपीआयओ पिनवर, म्हणजे सॉफ्टवेअरनं चालू बंद करायच्या पिनवर असते, मेनूत मॉड्युल रीसेट किंवा मॉडेम पॉवर अशा नावानं लपलेली असते. आत लिनक्सच असतं, एसएसएच, म्हणजे लांबनं आत शिरून कमांड द्यायची सोय, मिळाली तर अजून बरं.

पॉवर खरोखर कापली जात असेल तर स्लॉट थंड झाल्यासारखाच, मग काढा बिनधास्त. पण क्रम पाळा. आधी ट्रॅफिक दुसऱ्या मॉडेमवर नेऊन तो इंटरफेस खाली घ्या, मॉडेम मॅनेजर चालू असेल तर त्याला त्या मॉडेमपासून लांब राहायला सांगा नाहीतर तो मधेच परत जोडायला धावतो, मग एटी पोर्टवरून, म्हणजे मॉडेमला कमांड द्यायच्या पोर्टवरून, मॉड्युलला बंद व्हायची कमांड द्या, क्यू-पी-ओ-डब्ल्यू-डी, त्यानं पॉवर्ड डाउन असं उत्तर दिलं की यूएसबीतनं अनबाइंड करा, म्हणजे ड्रायव्हरपासून सोडवा, आणि मग स्लॉटची पॉवर कापा. नुसती बंद व्हायची कमांड देऊन थांबू नका. काही कार्डांवर पॉवरची पिन कायमची ओढून ठेवलेली असते, ते पठ्ठे बंद होतात आणि दोन सेकंदांत आपलेआप उठतात, आणि तुम्ही नेमके तेव्हा स्क्रू फिरवत असता.

अजून एक, ह्यात मी स्वतः तोंडावर पडलोय. ईसी२५ चार सिरीयल पोर्ट देतं, शून्य ते तीन, एटी कमांडचा दोन नंबरवर. दुसरं मॉड्युल चार ते सात घेतं. चालू सिस्टिममध्ये एक काढून परत घातलं की हे नंबर जागेवर येतीलच असं नाही. माझी स्क्रिप्ट दोन नंबरच्या पोर्टवर डोळे झाकून रीसेट मारायची. मॉड्युल बदलल्यावर दोन नंबरवर चांगलं चालणारं मॉडेम येऊन बसलं आणि स्क्रिप्ट रोज इमानेइतबारे त्यालाच आपटत राहिली, मी आठवडाभर सिमवाल्यांशी भांडतोय. त्यामुळं नंबर धरू नका, यूएसबीचा फिजिकल पाथ धरा.

पण मूळ मुद्दा, मॉड्युल बदलायचंच कशाला? स्लॉटची पॉवर लांबनं कापून परत देता येत असेल तर हँग झालेलं मॉड्युल तसंच उठेल, राउटर रिस्टार्ट नको, साइटवर जायला नको. आधी ते करून बघा.

जुना_डायलअप

हॉट स्वॅप आणि मॉडेम एका वाक्यात वाचून वीस वर्षं मागं गेलो. आम्ही चालू मशीनमधून मॉडेमची कार्डं उपसायचो, रोजचं काम होतं, पण ती मशीनं त्यासाठीच बनवलेली.

२००२ च्या आसपास एका आयएसपीत, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीत, नाइट शिफ्टला होतो. सिस्कोचा एएस५४००, म्हणजे डायलअपचे कॉल उचलणारं मशीन. टेलिफोन एक्स्चेंजकडून ई१ लाइनी यायच्या, एका ई१ वर ३० कॉल, आणि मशीनमध्ये मॉडेमची कार्डं, एकेका कार्डावर १०८ पोर्टांपर्यंत. गावातल्या लोकांच्या घरी टूंऽऽ खर्रर्र असा आवाज यायचा तेव्हा दुसऱ्या टोकाला हे कार्ड असायचं. एखादं कार्ड वेडं झालं की पहिली कमांड बिझीआउट. त्यानं चालू कॉल तुटत नाहीत, फक्त नवा कॉल त्या कार्डावर जात नाही. मग वाट बघायची. रात्री साडेतीनला बाकी सगळे कॉल सुटलेले आणि एक पठ्ठ्या कुठलं तरी गाणं उतरवतोय, हलायला तयार नाही, मी चाळीस मिनिटं त्या एका कॉलकडं बघत बसलोय असं झालंय. कापता आलं असतं हो, पण मन व्हायचं नाही, पाच एमबीला किती वेळ लागायचा ते आपल्यालाही माहीत.

कॉल संपले की कार्डावरचं अटेन्शनचं बटण एक सेकंदाहून जास्त दाबून धरायचं, ओआयआरचा दिवा लागेस्तोवर थांबायचं. ओआयआर म्हणजे ऑनलाइन इन्सर्शन अँड रिमूव्हल, सिस्कोवाले हॉट स्वॅपला हेच म्हणतात. दिवा लागला की मशीन म्हणतंय काढ आता. आणि परत घालायचं ते त्याच जातीचं कार्ड.

आणि सिस्को म्हणजे सगळंच हॉट स्वॅप असं पण नाही हां. २८०० राउटरमधली ती छोटी वॅन कार्डं घ्या, पॉवर बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. ४००० च्या आयएसआर राउटरमध्ये चालतं, पण तिथंही आधी त्या सबस्लॉटला स्टॉप द्यायचा, नवं घातलं की स्टार्ट. बंड्यानं सांगितलेला क्रम तोच आहे बघा, फक्त तुमच्या राउटरला बटण आणि दिवा नाही म्हणून तो तुम्हाला डोक्यात ठेवावा लागतो.

फ्री_रिचार्ज

नवीन मॉड्युल घातल्यावर सिम चालणार नाही, आयएमईआय म्हणजे मॉड्युलचा ओळख नंबर, त्याला लॉक असतं. जुन्याचा आयएमईआय नव्यात टाका एका कमांडमध्ये होतं.

सीएलआय_बंड्या

असले सल्ले देऊ नका राव. आयएमईआय बदलणं आपल्याकडं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सरकारी योजनेचं काम आहे त्या माणसाचं.

लॉकचा मुद्दा मात्र खरा आहे. १३ आकडी नंबरचं एम२एम, म्हणजे मशीनसाठीचं, सिम असेल तर कंपनीनं ते मॉड्युलच्या आयएमईआयला बांधलेलं असू शकतं. नव्या मॉड्युलचा आयएमईआय आधीच मेल करून बदलून घ्या, साइटवर पोचून फोन लावत बसू नका, दोन दिवस जातात त्यात. आणि ऑनलाइन मागवलं असेल तर खोक्यावरचं शेवटचं अक्षर वाचा. ईसी२५ च्या पुढं नुसतं ए असेल तर ते अमेरिकेचं, त्याला बँड २, ४ आणि १२ एवढंच ४जीवर कळतं, आपल्याकडचा ३, ५, ४० काहीच नाही. दिसायला हुबेहूब सारखं, आणि स्वस्त मिळतं म्हणून लोक फसतात.

जॅकवेल_वाला

धन्यवाद सगळ्यांना, एवढं कुणी कंपनीवाल्यानं सांगितलं नव्हतं. खोकं बघितलं, ए नाहीये, वाचलो. मेनूत मॉडेम पॉवर सायकल असं एक बटण सापडलं, चार वर्षं ते पेज रोज उघडतोय आणि कधी खाली स्क्रोल केलं नाही. पण ते खरंच पॉवर कापतं की नुसतं रीसेट मारतं हे कसं कळणार?

सोल्डर_सुपारी

मीटर लावा. टेबलावर दुसरा राउटर असेल तर त्यावर, साइटवर नको. मॉड्युल नसलेल्या स्लॉटवर ३.३ व्होल्ट बघा, बटण दाबा, शून्यावर येतंय आणि तिथंच राहतंय का बघा. दोन सेकंद शून्य होऊन परत ३.३ येत असेल तर ते हँग उठवायला चालेल, मॉड्युल बदलायला नाही चालणार.

अजून एक, अँटेनाच्या त्या बारीक गोल क्लिपा उगाच काढघाल करू नका. ती यू.एफ.एल. जात, कंपनीच ३० वेळेचं आयुष्य लिहिते. बरेच जण मॉड्युल तीन वेळा बदलतात आणि शेवटी कळतं क्लिप सैल झालेली.

पीएलसी_ताई

सगळे राउटरच्या मागं लागलात, मला पंपाची काळजी वाटतेय. ६० सेकंद लेव्हल आली नाही म्हणून ५० एचपीचा पंप ट्रिप करायचा हे कुणी ठरवलं? हिशोब करू. पंप तासाला साधारण १०० घनमीटर टाकत असेल तर मिनिटाला १,६६७ लिटर. पाच मिनिटं तुम्ही पूर्ण आंधळे राहिलात तरी टाकीत सव्वाआठ हजार लिटर वाढेल, म्हणजे २ लाखांच्या टाकीत चार टक्के. तेही खाली गावांनी एक थेंब घेतला नाही असं धरून.

मग करायचं असं की लिंक गेली की पीएलसीनं शेवटची लेव्हल धरून ठेवायची आणि टायमर ६० सेकंदांवरून ५ मिनिटांवर न्यायचा. शेवटची लेव्हल ८५ टक्क्यांच्या वर असेल तेव्हाच लगेच बंद. ड्राय रन, ओव्हरलोड, सिंगल फेजिंग यांपासूनचं संरक्षण जॅकवेलवरच असतं, त्याचा ४जीशी संबंध नाही, त्यामुळं पंपाला धोका नाही. आणि उगाच ट्रिप होऊन होऊन तुमच्या रायझिंग मेनला, म्हणजे टाकीकडं चढणाऱ्या पाइपलाइनला, वॉटर हॅमरचे, म्हणजे पाणी एकदम थांबल्याचे, जे दणके बसतायत ना, ते मॉड्युलपेक्षा कितीतरी महाग पडतील. एखादा सांधा सुटला की कळेल.

एवढं केलंत की राउटर दिवसाढवळ्या रिस्टार्ट करा, मॉड्युल थंड राउटरमध्ये बदला, कुणाला कळणार पण नाही. हॉट स्वॅप हवाच कशाला?

जॅकवेल_वाला

ताई, तो ६० सेकंदांचा टायमर आधीच्या ठेकेदाराचा आहे आणि आम्ही त्याला हात लावायला घाबरत होतो, खरं सांगतो. करतो, साहेबांची परवानगी घेऊन.

जॅकवेल_वाला

अकरा दिवसांनी परत आलो, सांगायला पाहिजे म्हणून.

टायमर ५ मिनिटं केला. मग ऑपरेटरला सांगून, लॉगबुकात लिहून, राउटर पूर्ण बंद करून मॉड्युल बदललं. पंप चालूच होता, चार मिनिटांत लिंक परत. त्याआधी ते बटण ऑफिसातल्या राउटरवर मीटर लावून बघितलं, दोन सेकंद शून्य आणि परत ३.३, म्हणजे सुपारीदादा म्हणाले तेच.

आता गंमत. तिसऱ्या दिवशी दुपारी पावणेतीनला नवं मॉड्युल पण हँग! आणि जुनं ऑफिसात टेबलावर चार दिवस न थांबता चालतंय. मग जरा डोकं लावलं आणि जुने ट्रिपचे टाइम वहीतनं काढले, एकही सकाळचा नाही, सगळे एक ते चारमधले. बंड्याभाऊंच्या नादानं एटी कमांड शिकलो होतो, क्यू-टेम्पवर मॉड्युलचं तापमान मिळतं, ते पावणेतीनला ८४ दाखवत होतं. सकाळी सातला ५१. राउटर पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यात, खाली पंप हळूहळू चालू करणारा सॉफ्ट स्टार्टर, पॅनेलची पाठ पश्चिमेच्या भिंतीला, आणि वरचा एक्झॉस्ट फॅन कधीपासून बंद आहे कुणालाच माहीत नाही. झाकण उघडलं होतं तेव्हा पहिल्या स्लॉटच्या मॉड्युलवर उष्णता बाहेर नेणारा थर्मल पॅड नव्हताच हे पण बघितलं होतं, दुसऱ्यावर होता. तेव्हा काही वाटलं नाही.

फॅन बदलला, राउटर खाली केबल एंट्रीजवळ घेतला, पॅड लावला. आता दुपारचं ६६ पर्यंत जातं. सहा दिवस झाले एकदाही हँग नाही. अजून मे जायचाय.

जुना_डायलअप

आमच्या वेळी पण निम्मी कार्डं एसी बंद पडला म्हणून वेडी व्हायची आणि आम्ही बदलत बसायचो.

सोल्डर_सुपारी

छान झालं. तो मेलेल्या स्लॉटवाला राउटर अजून आहे का तुमच्याकडं? टाकून देऊ नका, झाकण काढून स्लॉटच्या पॉवर पिनांजवळचा फोटो टाका. सहा पायांची बारकी आयसी दिसेल, एखाद्या पायापाशी तपकिरी डाग असेल तर तीच. तेवढी बदलून चालू होईल.

जॅकवेल_वाला

आहे, कपाटावर. फोटो काढला पण हलला, माझ्या मोबाइलला एवढ्या जवळचं दिसत नाही. डाग आहे असं वाटतंय. उद्या मुलीच्या मोबाइलनं काढून टाकतो.